सहा की बारा

दालशिमला तिच्या नावाने हाक मारणारं बेटावर कुणी नव्हतं. आमच्यात लग्न होऊन आलेली बाई तिच्या माहेरच्या गावावरून ओळखली जाते, म्हणून ती तोलगेवाली. तोलगे समोरच्या किनाऱ्यावर आहे. हवा स्वच्छ असली की आमच्या टेकडीवरून तिथल्या चुलींचा धूर दिसतो. ती नवरी होऊन आली तेव्हा मधे नुसतं पाणी होतं. पुढे लढाई झाली, पाण्यात रेघ आखली गेली आणि तोलगे शत्रूच्या मुलखात गेलं. तिचे आईबाप, भाऊ सगळे रेघेपलीकडे राहिले. आम्ही मात्र तिला तोलगेवालीच म्हणत राहिलो, कारण दुसरं काही म्हणावं असं कुणाला सुचलंच नाही.

मी मान्सूची आई, धक्क्यावर खाणावळ चालवते. शिंपल्यांच्या रश्शात हाताने कापलेल्या शेवया, सोबत मुळ्याचं लोणचं, हवी असेल तर तांदळाची दारू. माझ्या सुरीला मी रोज धार लावते. जिभेला लावावी लागत नाही, असं गावात म्हणतात. खरं आहे. पण या बाईबद्दल लिहिताना ती धार कुणावर चालवावी हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

दालशिमचा नवरा मा दुशिक हा ढोमा मासळी धरणाऱ्या बोटीवरचा पुढचा गाणारा. जाळं ओढताना एकाने पुढे गायचं आणि बाकीच्यांनी मागून साथ धरायची, अशी आमची रीत. पुढच्याने ओळ टाकली की मागचे ‘एऽ हे, ओढा रे’ म्हणून दोर खेचतात. दुशिकच्या ओळी कधी ठरलेल्या नसत. कुणाची बायको रुसली, कुणाला उवा झाल्या, मुकादमाने दारूत पाणी घातलं, जे सुचेल ते तो गायचा आणि माणसं हसत हसत जाळं वर घ्यायची. गावात त्याच्याइतका आळशी माणूस नव्हता, पण तो बोटीवर असला की जाळं हलकं लागतं असं सगळे म्हणत.

एका वसंतात धुकं पडलं आणि त्यांची बोट रेघेपलीकडे गेली.

वर्षभराने तिकडच्यांनी बोट सोडली. माणसं परत आली, दुशिक आला नाही. एक जण म्हणाला त्याला ताप होता, दवाखान्यात ठेवलंय. दुसरा म्हणाला त्याची सासुरवाडी तिकडची निघाली म्हणून ठेवून घेतलं. आलेल्यांना आमच्याच सरकारने आधी मुख्य भूमीवर नेलं, तिथे बरेच दिवस प्रश्न विचारले, आणि मग घरी सोडलं. त्यानंतर ते खाली बघून चालायला लागले. त्यांच्यातला एकही पुन्हा गायला नाही. दुशिकचं नाव मोठ्याने घेणं बंद झालं. ‘तोलगेवाली’ म्हणणंही बंद झालं, कारण ते तर चक्क तिकडच्या गावाचं नाव. लोक तिला ‘अहो’, ‘ऐकलं का’ म्हणायला लागले. तेव्हा मी पहिल्यांदा तिला विचारलं, तुझं नाव काय गं. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती.

सगळ्यांची पाचावर धारण बसली होती, त्यात मीच एकदा चेष्टेत बोलून गेले, ‘तुझ्याकडे जगाची रीत उलटी झाली बाई. बायको सासरी राहिली न् नवरा माहेरी जाऊन बसला.’

ती हसली. मग म्हणाली, ‘आई जेवायला घालत असेल ना गं त्यांना?’

मी रश्शात मीठ घालायला वळले. आधीच घातलेलं होतं, तरी पुन्हा घातलं.

ती रोज संध्याकाळी त्याची झाकणाची पितळी वाटी भाताने भरायची आणि खालून चुलीच्या धगीने उबदार राहणाऱ्या जमिनीवर रजईखाली ठेवायची. सकाळी तोच गार भात आपण खायची. मूलबाळ नव्हतं. थोरले दीर दरवर्षी यायचे, चिलीम काढून बसायचे आणि तेच बोलायचे, ‘हे बघा, तिथी धरू या. श्राद्ध नाही, पाणी नाही, तो आत्मा भटकत राहील. घर सोडलं तो दिवस धरा, सगळे तेच करतात.’

‘त्या दिवशी ते जेवून निघाले होते,’ ती म्हणायची. ‘मेले नव्हते.’

दीर चिलीम झटकून उठायचे.

गाणं परत आलं ते बायकांच्या तोंडून. हिवाळ्यात आम्ही सगळ्या ओहोटीला खडकावरून कालवं काढतो आणि शेडमध्ये बसून फोडतो. एकदा फोडता फोडता दालशिमने पाण्याच्या घमेल्यात भोपळ्याची अर्धी कवटी पालथी घातली आणि तिच्यावर हात मारायला लागली. त्याचा आवाज मऊ येतो, ओला. ठेका कानांनी लगेच ओळखला. पण पुढची ओळ कोण गाणार? ती दुशिकची. शब्द कुणाकडे नव्हते आणि असते तरी कुणाची छाती नव्हती. म्हणून त्याच्या ओळीइतका वेळ नुसती कवटी वाजली आणि मग आम्ही सगळ्यांनी ‘एऽ हे, ओढा रे’ म्हटलं. पुन्हा कवटी, पुन्हा आम्ही. तेव्हापासून गाणं तसंच झालं. बाहेरच्याला वाटे बायका मधे दम घेतात.

दालशिम त्या मोकळ्या जागेत मान खाली घालून ऐकायची. मी तिच्याशेजारी बसायचे म्हणून मला माहीत. तेवढ्यात तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू यायचं, जसं उवांच्या ओळीला यायचं.

मिन मास्तर आमच्या शाळेत आले ते दोन वर्षांसाठी आणि राहिले ते कायमचे. काटकुळे, चष्मेवाले, तीन मुलींचे बाप. दुपारी माझ्याकडे जेवायचे आणि जेवण होईस्तोवर चॉपस्टिकने टेबलाच्या कडेवर काहीतरी वाजवत राहायचे. कड सगळी खड्ड्याखड्ड्यांची झाली होती. ‘मास्तर, नवं टेबल तुमच्या पगारातून कापून घेईन हं,’ मी म्हणायचे. ते ‘बरं’ म्हणायचे आणि पुन्हा वाजवायचे.

एका उन्हाळ्यात जिल्हा कचेरीचा हुकूम आला. प्रांताच्या लोकगीतांच्या स्पर्धेत प्रत्येक बेटाने एक गाणं पाठवायचं, आधी कागदावर लिहून, आणि स्टेजवर गायचं ते त्या कागदाबरहुकूम. लिहायचं काम मास्तरांकडे आलं. त्यांनी शेडमध्ये येऊन आमचं गाणं ऐकलं आणि नंतर माझ्या टेबलापाशी बसले ते शेवयांचा लगदा झाला तरी उठेनात.

‘काय झालं?’ मी विचारलं.

‘गाणं लिहायचं तर आधी आकडा टाकावा लागतो, मान्सूची आई. उभ्या रेघा मारून कागदावर घरं आखायची आणि एका घरात किती मात्रा, तो आकडा सुरुवातीला लिहायचा.’

‘मग टाका की. तुम्हाला कोण अडवतंय?’

‘गाणंच अडवतंय.’ त्यांनी चॉपस्टिकने वाजवून दाखवलं. ‘सहा मात्रा नुसती कवटी. मग सहा मात्रा तुम्ही. सहाचा आकडा टाकला तर एक घर रिकामं, एक भरलेलं, पुन्हा एक रिकामं, एक भरलेलं. बाराचा टाकला तर प्रत्येक घर अर्धं रिकामं, अर्धं भरलेलं.’

‘ऐकायला फरक काय?’

‘काही नाही. तेच सूर, तीच चाल.’

‘मग डोकं कशाला पिकवताय? बारा टाका, तसंही या बेटाचे बारा वाजलेलेच आहेत.’

ते हसले नाहीत. चुलीजवळ दालशिम माझ्यासाठी कालवं फोडत बसली होती. तिने वर न बघता विचारलं, ‘मास्तर, रिकामं घर केलं तर काय होतं?’

मास्तर तिच्याकडे वळले. ‘रिकामं घर कुणीही पाडतं. छापणारा जागा वाचवायला पाडेल, शिकवणारा घाईत गाळेल. भरलेली घरं एकामागे एक लागतील आणि गाणं मोडणार नाही. मधे काही होतं हे कुणाला कळणारसुद्धा नाही.’

‘आणि बारा?’

‘बारात अर्धं घर पाडता येत नाही. पाडलं तर सगळा हिशोबच चुकतो. जो कुणी गाईल, माझ्यानंतर, तुमच्यानंतर, त्याला आधी तेवढं थांबावंच लागेल.’

तिने एक कालव फोडलं, मांस वाटीत टाकलं, शिंपला बाजूला भिरकावला.

‘अर्ध्या रिकाम्या घरात माणूस राहतं, मास्तर,’ ती म्हणाली. ‘बारा लिहा.’

मास्तरांनी माझ्यासमोर बारा लिहिलं. अक्षर सुरेख होतं त्यांचं.

आठवड्याने कचेरीतले कू साहेब बोटीने आले. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे, कारण वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. दोन वाट्या शेवया खाल्ल्या, रश्शाची तारीफ केली, हात पुसले आणि मास्तरांचा कागद हातात घेतला. त्यांना सूर वाचता येत होते.

‘हे काय? प्रत्येक वेळी आधी अर्धं घर आराम? बायका दमल्यात का?’

‘चाल तशी आहे, साहेब,’ मास्तर म्हणाले.

‘आजूबाजूच्या बेटांवर तशी नाही. तिथे या जागी पुढचा गाणारा गातो.’ कू साहेबांनी कागदावर बोट ठेवलं. ‘तुमच्याकडे इथे कोण गायचं?’

खाणावळीत आम्ही तिघंच होतो. मी पळी धरून उभी राहिले. मास्तरांच्या चष्म्यावर रश्शाची वाफ बसली होती, ती त्यांनी पुसली नाही.

कू साहेबांनी आमच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. ‘हे बघा मास्तर. मी हा प्रश्न विचारला, तर उत्तर लिहून वर पाठवावं लागेल. बेटावरून कोण कुठे गेलंय हे वरच्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आता तुम्ही त्याच्यासाठी सरकारी कागदावर जागा राखून ठेवलीय. घराघरात. तुम्हाला मुली किती?’

‘तीन.’

‘म्हणजे मी प्रश्न विचारलेला नाही. सहा करा.’

मास्तरांनी पेन्सिल टेबलावर ठेवली. उचलेनात. तेव्हा कू साहेबांनी स्वतः खिशातून खोडरबर काढलं, बारा पुसलं, सहा लिहिलं. मग घरांच्या मधोमध एकेक रेघ ओढली आणि डाव्या बाजूची सगळी रिकामी घरं एकामागून एक काट मारून टाकली. नंतर त्यांनी उरलेलं गाणं गुणगुणून पाहिलं. छान लागत होतं. उडतं, टाळ्या वाजवाव्यात असं. ते गेल्यावर मी टेबलावरचा रबराचा चुरा फडक्याने पुसला.

मास्तर त्याच दिवशी दालशिमच्या दारात गेले. तोंड लपवलं नाही, तेवढं त्यांचं कौतुक. ती अंगणात मिरच्या वाळत घालत होती. त्यांनी सांगितलं ते तिने ऐकलं आणि मिरच्या पसरत राहिली.

‘आकडाच ना?’ ती म्हणाली. ‘आकडा तुमच्या कागदावर. आम्हाला कुठे वाचता येतो? तिथे एक दिवस त्यांच्या मनासारखं गाऊ, घरी आलो की आमच्या मनासारखं.’

मला ते पटलं. सगळ्यांनाच पटलं. कागदाला कोण भीक घालतं? आम्ही कालवं फोडणाऱ्या बायका, गाणं आमच्या हातात बसलेलं. कागद भिजला तर चूल पेटवायच्यासुद्धा कामाचा नाही. मास्तर मात्र टोपी घालून निघून गेले.

सगळा शरद ऋतू शाळेच्या पटांगणात तालमी झाल्या. जिल्ह्याहून एक ढोलकवाला आला. भोपळ्याची कवटी स्टेजवर दिसत नाही म्हणून बाद झाली. ढोलकवाला सहा मोजायचा, त्या सहातच आम्ही गायचो, की मधे न थांबता त्याचे पुढचे सहा सुरू. पहिल्या दिवसांत आम्ही सवयीने थांबायचो, तेव्हा तो कपाळाला हात लावायचा. ‘मावश्यांनो, गाडी चुकेल, चढा की लवकर.’ आम्ही हसायचो आणि चढायचो. खरं सांगायचं तर मजा येत होती. नवे निळे झगे शिवून मिळाले, शहर बघायला मिळणार होतं, आणि त्या शरदात पहिल्यांदा माणसं बायकांना विचारायला लागली होती, आज तालीम कशी झाली. दालशिमसुद्धा रोज यायची. मधल्या रांगेत उभी राहायची. गायची की नुसते ओठ हलवायची, हे त्या गोंगाटात कुणाला ऐकू येणार?

स्पर्धेत आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. प्रत्येकीला एक झाकणाचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं. परतताना बोटीवर आम्ही ती पातेली चमच्यांनी बडवत गाणं म्हटलं. समुद्र खवळला होता, दोघी उलट्या करत होत्या, तरी म्हटलं. दालशिम पातेलं मांडीवर घेऊन बसली होती. तोलगेच्या बाजूला ढग होते, काही दिसत नव्हतं.

मग थंडी आली. मोठी ओहोटी लागली तशी कालवं निघाली. पहिल्याच सकाळी शेडमध्ये आम्ही सगळ्या गोल करून बसलो. दालशिमने घमेल्यात पाणी घेतलं, कवटी पालथी घातली आणि ठेका धरला. आम्ही ‘एऽ हे, ओढा रे’ म्हटलं. ती दुशिकच्या जागेची कवटी वाजवायला लागली, आणि आम्ही लगेच पुन्हा ‘एऽ हे, ओढा रे’ म्हटलं.

ती थांबली. आम्हीही थांबलो. कुणीतरी खुदकन हसलं.

‘पुन्हा घेऊ,’ ती म्हणाली.

पुन्हा घेतलं. तेच झालं. मी जीभ दातांत धरून बसले होते, तरी वेळ झाली तसं तोंड आपोआप उघडलं. सगळ्यांचंच उघडलं. ज्या जागी आम्ही कित्येक हिवाळे थांबलो होतो ती जागा सापडतच नव्हती. अंधारात पायरी शोधावी तशी जी ती चाचपडत होती आणि पाय आपटत होता. म्हातारी सोम्जिनची आजी रडवेली होऊन म्हणाली, ‘अगं, मला थांबताच येत नाहीय.’

तेवढ्यात मास्तर शाळेत जाता जाता शेडच्या दारात उभे राहिले. त्यांना कळलं. ते आत आले, त्यांनी हात वर केला. ‘मी सांगेन तेव्हा,’ एवढंच म्हणाले. कवटी वाजली. आम्ही त्यांच्या हाताकडे बघत श्वास धरला. सहा मात्रांवर त्यांचा हात खाली आला, आम्ही गायलो. पुन्हा त्यांनी हात वर केला. पण आता तेही मोजत होते, त्यांचे ओठ हलताना दिसत होते, आणि सगळ्या बायका त्यांच्याबरोबर मोजत होत्या. एक, दोन, तीन, चार. तिथे दुशिक नव्हता, आकडे होते. मोजून ठेवलेल्या जागेत कोण येऊन गाणार?

दालशिमने कवटीवरून हात काढला. पाणी हलत राहिलं, कवटी आपोआप घमेल्याच्या काठाला लागली. तिने लोखंडी आकडी उचलली आणि कालवं फोडायला घेतली. दिवसभर कुणी गायलं नाही.

दुपारी ती माझ्याकडे आली. ‘वाळवलेला ढोमा आहे का चांगला? आणि दारू हवी. आजच्या आज.’

‘कुणासाठी गं?’

‘त्यांच्यासाठी.’

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग तिच्या दुसऱ्या हातात सफरचंद, पेर आणि खजुराची पुडी दिसली. मी दोरीवरचा सगळ्यात मोठा ढोमा उतरवून दिला. पैसे ती ठेवून गेली, मी नको म्हणायच्या आत.

संध्याकाळी थोरले दीर आले, पांढरे कपडे घालून. इतक्या वर्षांनी ती तयार झाली म्हणून बिचारे खूश होते, पण रीत म्हणजे रीत. ‘आज कसली तिथी? आज कुणी मेलं नाही. तो निघाला वसंतात. वसंतापर्यंत थांबू.’

‘आजचीच लिहा, भावजी.’

‘अहो, पण आज का?’

‘आज सकाळपर्यंत होते ते,’ ती म्हणाली.

शेडमधल्या आम्ही सगळ्या अंगणात उभ्या होतो, दिरांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही खाली बघितलं. मग त्यांनी शाई घेतली आणि श्राद्धाच्या कागदावर आजचीच तिथी लिहिली.

तिने रजईखालची पितळी वाटी काढली. ताजा गरम भात भरला, शिगोशिग. ढोमा, सूप, फळं, सगळं मांडलं. दिरांनी दारू ओतली, कपाळ जमिनीला टेकवलं. दालशिमने भातात चमचा उभा रोवला. ते झालं की आमच्याकडे सगळ्यांनी खोलीबाहेर यायचं असतं. दार लोटून घ्यायचं आणि गेलेल्या माणसाला नऊ घास खायला जेवढा वेळ लागेल तेवढं गप्प उभं राहायचं.

आम्ही गप्प उभ्या राहिलो. मास्तर कुंपणाबाहेर होते, आत आलेच नाहीत, टोपी काढून तिथेच उभे होते. दालशिमची बोटं दाराच्या चौकटीवर हलत होती, कवटीवर हलायची तशी. मोजायला कुणी नव्हतं आणि कुणी मोजलं नाही. कुणी खोकलं नाही, कुणाच्या तोंडून शब्द सुटला नाही. सकाळी जी जागा आम्हाला कुठेच सापडली नव्हती ती इथे सगळ्यांनी मिळून सोडली, अगदी बरोबर त्याच्या मापाची. गाण्यात त्या जागेनंतर आमची पाळी यायची. इथे कुणाचीच नव्हती.

मग थोरले दीर खाकरले आणि त्यांनी दार उघडलं.